माती झाल्यानंतर

जालन्यात कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारपाजारचे आधी पाणी आणून देतात. रडणं, गळ्यात पडणं, प्रार्थना, सगळं त्यानंतर. नळाला आठ-आठ, कधी पंधरा दिवसांनी पाणी यायचं, अशी कितीतरी वर्षं या गावानं काढलीत. अशा गावात एका घरी शे-दीडशे माणूस गोळा होतं, तेव्हा मयताला अंघोळ घालायची कशानं, आलेल्याला घोटभर पाणी द्यायचं कुठून, याची काळजी त्या घरातल्या बाईनं करायची नसते. तिला ती सुचणारही नसते. कुणी दोन हंडे दाराशी ठेवून जातं, कुणी सायकलच्या कॅरिअरला कॅन अडकवून आणतं, कुणी आपल्या हौदातनं नळी ओढून देतं.

माझा धाकटा भाऊ गेला तो मे महिना होता, २००१ साल. अंबड रस्त्यावर रात्री त्याची मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली. २३ वर्षांचा होता. समोरच्या भाभींच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. लग्नघरासाठी टँकर मागवून त्यांनी ड्रम भरून ठेवले होते. त्यातले तीन त्यांच्या पोरांनी हातगाड्यावर घालून आमच्या अंगणात आणून लावले. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. ड्रमांच्या तोंडाला भाभींनी बांधलेली पांढरी मलमलीची फडकी तशीच होती, एकाच्या कडेला लग्नासाठी लावलेली जरीची किनार होती.

थंड पाण्याचा नुसता एक पेला कुणी दिला तरी तो वाया जाणार नाही, असं प्रभू येशूचं वचन मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. संडे स्कूलला पाठ करताना मला ते फार किरकोळ वाटायचं. समुद्रावर चालणं, पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालणं, यांच्यापुढे पाण्याच्या पेल्याचं काय कौतुक! मराठवाड्यात जन्म काढल्यावर आता तेच वचन वाचताना आवंढा येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं, त्या गाडीला 'जलदूत' म्हणायचे. टीव्हीवर ती गाडी बघताना सिस्टरमावशी म्हणाली होती, "देवदूत असाच येत असंल बघ. टाक्या ओढत."

सिस्टरमावशी नात्यानं आमची कुणी नव्हती. मिशन दवाखान्यात ३२ वर्षं नर्स होती आणि तिथूनच रिटायर झाली. लग्न केलं नव्हतं. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, तिला सगळे सिस्टर म्हणायचे, आम्ही पोरांनी त्याला मावशी जोडलं. उंचीला बेताची, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि खांद्याला खाकी कापडाची पिशवी. तिच्याकडून मी जे शिकले ते मला नीट सांगता येईल का माहीत नाही, पण आता ती नाही, आणि आमच्या मंडळीतल्या तरुण पोरी मला विचारतात, बाई, मातीला गेल्यावर काय बोलायचं असतं? त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आमच्यात बायाही कबरस्तानात जातात. पेटी खाली उतरली, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, की एकेक जण पुढं होऊन मूठभर माती टाकतो. आईनं वाकून मूठ भरली, पण टाकली नाही. तशीच मिटल्या मुठीनं ती रिक्षात बसली आणि घरी आली. सतरंजीवर बायांचा घेर झाला. आईची उजवी मूठ मांडीवर, बोटांच्या फटीतून काळी माती साडीवर सांडत होती. सगळ्या सांगत होत्या, उघड गं हात, धू, पाणी पी. एकीनं तर बोटं धरून सोडवायलाही पाहिली. आईनं मूठ आणखी आवळली.

सिस्टरमावशी आली, चपला काढल्या, बायांमधून वाट काढत आईच्या उजव्या अंगाला भिंतीला टेकून बसली. काही बोलली नाही. आपला डावा तळहात तिनं आईच्या मुठीखाली धरला, उताणा. सांडेल ती माती तिच्या हातात सांडायला लागली. चार वाजले होते. दिवेलागण झाली, बायका उठून गेल्या, नव्या आल्या, चहा झाला, मावशीचा हात तिथंच होता. रात्री आठच्या सुमाराला आईला गुंगी आली आणि मूठ आपोआप सैल पडली. मावशीनं सगळी माती पेपरच्या कागदात घेतली, मेडिकलवाले बांधतात तशी घट्ट पुडी बांधली आणि आईच्या उशाखाली ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकत उठली, हात धुतले आणि स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. शेजारून आलेली भाकरी दुधात कुस्करली नि वाटी माझ्या हातात दिली. सकाळपासून कुणी मला जेवलीस का विचारलं नव्हतं. भाऊ गेलेल्या बहिणीकडे कुणाचं लक्ष जात नाही, सगळे आईकडे बघतात. तिचं गेलं.

त्या चार दिवसांत आमच्या घरी जे बोललं गेलं, त्यातलं बरंच मला अजून पाठ आहे. 'देवाला चांगली माणसं लवकर लागतात.' 'त्याची तेवढीच लिहिलेली होती.' 'तुम्हीच असं केलं तर पोरीनं कुणाकडं बघायचं?' 'प्रभूची काहीतरी योजना असते, आपल्याला कळत नाही.' हे शेवटचं आमच्याच लोकांचं. बोलणारी माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. कोपऱ्यात पोराचा फोटो, पुढं मेणबत्ती, आई भिंतीकडे बघत बसलेली; त्या खोलीतली शांतता माणसाला सोसवत नाही, म्हणून तोंडाला येईल ते तो बोलतो. पण ऐकणाऱ्याच्या काळजात ते वर्षानुवर्षं रुतून बसतं. आपल्या भीतीचं ओझं आपण ज्याचं गेलंय त्याच्याच डोक्यावर ठेवून येतो, असं मला वाटतं.

बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. गुरंढोरं गेली, दहाच्या दहा लेकरं एका दिवशी गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र लांबून भेटायला आले, त्याला ओळखेनात. मोठ्यानं रडले, कपडे फाडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पुढची कितीतरी पानं त्यांच्या बोलण्यानं भरली आहेत. तुझंच काही चुकलं असेल, देव न्यायी आहे, पापाचं फळ आहे. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. मला ते सात दिवस फार मोलाचे वाटतात. त्या तिघांनी आठव्या दिवशी उठून, ईयोबाच्या पाठीवर हात ठेवून, गप गावाची वाट धरली असती तर आज सगळ्या जगानं त्यांची नावं मुलांना ठेवली असती.

आठवडाभरानं पाळकसाहेब आले. आई तोवर बोलायला लागली होती, आणि बोलायला लागली ती भांडायलाच. "साहेब, त्या टायमाला देव कुठं होता? रोज रात्री मी त्याच्या नावानं प्रार्थना करायची. एक मिनिट आधी ती ट्रॉली हलवता आली नसती त्याला?" बसलेल्या एका काकूंनी "असं म्हणू नये गं" म्हणून आईचा हात दाबला. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं, योहानाचा अकरावा अध्याय काढला आणि दोनच ओळी वाचल्या. लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते, प्रभूजी, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं तिची बहीण मरिया येते, तीही तेच वाक्य म्हणते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या आधी दोघींनी हेच विचारलंय." बस्स. पुढं काही समजावलं नाही. आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडली.

तो अध्याय मी नंतर किती वेळा वाचला असेन. मरियेला येशू रागावत नाही. तिच्या तक्रारीचा खुलासाही करत नाही. ती रडते आहे, तिच्याबरोबरची माणसं रडताहेत, हे बघून त्याचं मन कासावीस होतं, आणि मग ते दोनच शब्दांचं वचन येतं, 'येशू रडला.' पुढच्या काही क्षणांत तो लाजराला हाक मारून उठवणार आहे. हे त्याला माहीत आहे. रडायची गरज नव्हती, 'थांबा, आता बघा' एवढं म्हणून भागलं असतं. तरी तो आधी रडला. शेवट चांगला होणार आहे हे माहीत असलेल्या माणसानंसुद्धा रडणाऱ्याच्या आधी पुढं पळायचं नसतं, हे मी त्या अध्यायातून घेतलं.

आणि नाईन गावची विधवा. एकुलत्या एका पोराची तिरडी वेशीबाहेर निघाली आहे. येशूला तिचा कळवळा येतो, तो तिला 'रडू नकोस' म्हणतो. आमच्यातले कित्येक जण याच वचनाच्या जोरावर मयताच्या घरी रडणाऱ्याला गप्प करतात. मला वाटतं, त्याला ते म्हणायचा अधिकार होता, कारण त्यानं पुढच्या घडीला पोरगा उठवून तिच्या हवाली केला. आपल्याच्यानं ते होत नाही. ज्याला पोरगं परत देता येत नाही त्यानं 'रडू नका' म्हणू नये.

कळवळा हा आपल्या बोलीतला केवढा मोठा शब्द आहे! वारकऱ्यांच्या तोंडी तो आहे, आमच्या बायबलातही तोच बसला. मूळ ग्रीक भाषेत तिथं जे क्रियापद आहे ते आतड्यांवरून आलेलं आहे, असं पाळकसाहेबांनी एकदा महिला मंडळात सांगितलं होतं. सिस्टरमावशी लगेच म्हणाली, "मग आपल्या बायांचंच आहे की ते. आतडं तुटलं म्हणतो, पोटात कालवलं म्हणतो." दया वरून खाली येते, देणारा उभा आणि घेणारा बसलेला. कळवळ्यात दोघंही खाली बसलेली असतात. कुणाच्या तरी पोटात कालवतं, मग त्याला उभं राहवतच नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मावशी चाळिशीची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंती, वरचं जाडजूड माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मदतीला धावलेल्यांत सगळ्या जातीधर्माचे होते. आमच्या मंडळीतले सात-आठ जण जीप करून गेले, त्यांत मावशी. ती त्याबद्दल फार बोलायची नाही. एकच गोष्ट तिनं मला दोन-तीनदा सांगितली.

ड्रेसिंगचं सामान दुपारीच संपलं होतं. दगडांच्या ढिगाशेजारी एक म्हातारी बसली होती, समोर एक परात पालथी पडलेली. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिला रडू फुटलं. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली आणि विचारलं, "तुझं कोण गेलं गं?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली.

"मग?"

त्या 'मग'ला मावशीकडे उत्तर नव्हतं. म्हातारीनं पदराच्या टोकानं मावशीचं तोंड पुसलं. घर, सुना, नातवंडं दगडाखाली असलेली बाई परक्या नर्सचं तोंड पुसत होती. "कोण कुणाचं सांत्वन करायला गेलं होतं, मला अजून कळलं नाही," असं म्हणून मावशी गप्प व्हायची.

मावशी गेल्यावर तिच्या पिशवीत मला एक वही मिळाली. शंभर पानी, शाळेची, कव्हर फाटून सुतळीनं शिवलेली. आत नावं आणि तारखा. कोण कधी गेलं, घर कुठं, मागं कोण. प्रत्येक नावापुढं एक दुसरी तारीख, बरोबर चार महिन्यांनंतरची, आणि तिच्यापुढं बरोबरची खूण. काही ठिकाणी 'पहिला नाताळ', 'पहिली दिवाळी', 'पोराचा वाढदिवस' असंही लिहिलेलं. हिंदू घरं होती, मुसलमान होती, बौद्ध होती, आमची होतीच. चार महिनेच का, हे मी तिला जिवंतपणी विचारलं होतं. "पहिले दहा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसती. महिनाभर येणारे असतेत. तीन महिन्यांपर्यंत रस्त्यात तरी कुणी थांबवून विचारतं. चवथ्यात कुणी येत नाही, आणि माणूस गेल्याचं खरं तवाच कळतं." आमच्या नावापुढंही २००१ च्या सप्टेंबरमधली तारीख होती. मला आठवलं, त्या दिवशी ती सहज आल्यासारखी आली होती. आईशी शेंगा फोडत बसली. तासाभरानं म्हणाली, "त्याचा तो निळा शर्ट काय केलास गं?" भावाचं नाव घरात उच्चारायला आम्ही सगळे भीत होतो. आईनं कपाट उघडलं. शर्ट काढला, मांडीवर घेतला आणि तो कुठं शिवला, शिंप्यानं बाह्या कशा लांब केल्या, हे सांगत बसली. मावशी ऐकत होती, शेंगा फोडत होती.

मावशीचं घराणं बेथेलचं. जालन्याजवळचं हे गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्या मागं निघाला होता, पण प्रकरण कोर्टात गेलं आणि भावाला घरच्यांच्या हवाली करण्यात आलं. पुढं शेषाद्री निजामाच्या मुलखात जालन्याला आले, दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवली आणि मांग-महार समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांना तिथं घरं, शेती, विहिरी मिळवून दिल्या. इतिहासात हे एका ओळीत येतं. मी भाऊ गेलेली बहीण आहे, म्हणून मला त्या ओळीत हिरावलेला भाऊ आधी दिसतो. पंडिता रमाबाईंचंही तसंच. तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत उपाशी मेलेली. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं वाळलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन अशा शेकडो मुलींनी भरलं. आम्हाला ज्या सांत्वनानं सावरलं त्याच सांत्वनानं दुसऱ्याला सावरता यावं, असं पौल बायबलातल्या पत्रात करिंथकरांना लिहितो. रमाबाईंनी ते केलं आणि तरी १९२१ मध्ये, स्वतः जायच्या काही महिने आधी, त्यांना एकुलत्या एका मनोरमेला माती द्यावी लागली. सेवा केली म्हणून दुःख दार चुकवत नाही. हे आमच्या चर्चमध्ये मोकळेपणानं सांगितलं जात नाही याची मला खंत आहे.

आणखी एका जोडप्याचं नाव इथं आलंच पाहिजे. बीड जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. वेल्लोरला शिकलेले, प्रार्थना करणारे, मोठ्या शहरात सुखानं प्रॅक्टिस करता आली असती असे. पेशंट मरायला टेकल्यावर आणतात, त्यातली निम्मी दुखणी पाण्याची आणि उपासाची आहेत, हे त्यांनी बघितलं. मग खेड्यातल्या अडाणी, कित्येकदा दलित, नवऱ्यानं टाकलेल्या बायांना त्यांनी शिकवलं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं, ते असो. मला भावतं ते असं, की कुण्या आईनं मूठ आवळून बसायची वेळच येऊ नये म्हणून ही दोघं आधी जाऊन पोचली. पाण्याचा पेला पुन्हा. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर घातलेला.

माझ्या हातून यातलं फार थोडं होतं. मी शाळेत शिकवते. मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर आली नाही. घनसावंगी तालुक्यातलं गाव. तिच्या वडिलांनी शेतातल्या लिंबाला फास घेतला होता. अडीच एकर कोरडवाहू, कपाशी गेली, सोयाबीन गेलं, वर कृषी केंद्राची उधारी आणि भावकीतले हातउसने. मी मातीला पोचले नाही, दहाव्यालाही नाही. वहीत तारीख लिहिली आणि चौथ्या महिन्यात गेले.

तिची आई तिशीची. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागले. तासभर कुणी बोललं नाही. मग तिनं सांगितलं, फाईल 'अपात्र' होऊन परत आली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला सरकार एक लाख देतं, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं दाखवावं लागतं. हातउसन्याला कागद नसतो. तिच्या नवऱ्यानं फास घेतला त्या कर्जाचा सरकारदरबारी पुरावा नव्हता. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव, वारसाचा फेर झालेला नाही. "लोक येऊन गेले, बाई. सगळे म्हणाले काही लागलं तर सांगा. कुणाला सांगू?"

बायबलातल्या याकोबाच्या पत्रात हेच लिहिलंय. बहिणीच्या अंगावर कापड नाही, पोटाला नाही, आणि तुम्ही तिला 'सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा' म्हणता आणि देत काहीच नाही, तर उपयोग काय? 'काही लागलं तर सांगा' हे त्याच जातीचं वाक्य आहे. मीही ते आयुष्यात शेकडो वेळा म्हटलंय. ज्याच्यावर आभाळ कोसळलंय त्यानं आपली गरज ओळखायची, तिला नाव द्यायचं, लाज गिळायची आणि येऊन आपल्याला सांगायचं, एवढं सगळं काम आपण त्याच्यावर टाकून मोकळे होतो. भाभींनी 'पाणी लागलं तर सांगा' म्हटलं असतं तर आम्ही सांगितलं असतं का? लग्नाचं पाणी होतं ते.

आम्ही कागद काढून बसलो. घर दारिद्र्यरेषेखालचं आहे, कमावता माणूस गेला, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार मागता येतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. त्याला मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला. वारसाची नोंद तलाठ्याकडे. तेवढ्यात तिचा दीर शेतातून आला. माझ्याकडे बघितलं, कोण म्हणून विचारलं, शाळेच्या बाई म्हटल्यावर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन ना? हिला चर्चला न्यायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. "तहसीलला."

त्याचं विचारणं मला लागलं नाही. घरातलं माणूस गेलेल्याची राखण करणं हे दिराचं कामच आहे. आणि दुःखात सापडलेल्या माणसाला धर्माचा सौदा घालणारे कुठंच नसतात, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. माझ्या मते ते पाप आहे. मूठ आवळून बसलेल्या बाईच्या हातातली माती काढून घेऊन तिथं आपलं काहीतरी कोंबण्यासारखं. माझी श्रद्धा मी लपवत नाही, कुणी 'बाई, आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर तिथंच डोळे मिटून करते. विचारल्याशिवाय करायची असेल तर ती एसटीत बसल्यावर, मनात.

उठताना तिनं तुरीचे ओले दाणे माझ्या पिशवीत घातले. नको म्हणाले नाही. मावशी म्हणायची, घेऊन ये, देणाऱ्याला दिवसभर तेवढाच आधार असतो. वेशीपर्यंत ती सोडायला आली आणि विचारलं, "पुन्हा येताल का?"

तलाठी गुरुवारी त्या गावात असतो. मी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, आठची एसटी मिळाली तर दहाच्या आत पोचते. मृत्यूच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढल्यात, रेशनकार्डाच्या दोन, तिचे पासपोर्ट फोटो इथल्याच स्टुडिओत मोबाईलवरून काढून घेतले. मुलीसाठी एक नवी वही घेतली आहे, तिची वडिलांनी आणलेली होती ती संपत आली म्हणून ती जपून बारीक अक्षरात लिहिते, हे मला परवा तपासताना दिसलं. सगळं खाकी पिशवीत भरून दाराशी ठेवलंय. पाण्याची बाटली तेवढी सकाळी भरायची.